डिस्क गोल्फची बॅग भरताना: कोणती डिस्क आधी, कोणती नंतर आणि कोणती घरीच ठेवायची

डिस्क गोल्फ म्हणजे चकती फेकत साखळ्या लावलेल्या बास्केटपर्यंत न्यायचा खेळ. तो नव्याने खेळू लागलेल्यांच्या बॅगा उघडल्या की बहुतेक वेळा आत एकच मांडणी असते. एक पटर (जवळून बास्केटवर टाकायची डिस्क), एखादी मिडरेंज (मधल्या अंतराची) आणि बाकी आठ-दहा पातळ, धारदार कडांचे, लांब फेकीचे ड्रायव्हर. त्यातले निम्म्याहून जास्त ड्रायव्हर हातातून सुटले की एकसारखेच उडतात. थोडं पुढे जातात, डावीकडे वळतात आणि धपकन खाली बसतात. पैसे आठ डिस्कांचे गेले आणि फेक मिळाली एकच. आपल्याकडे ही चूक जास्त जड जाते, कारण डिस्क हातात धरून, कड दाबून निवडायची सोय सहसा नसते. बहुतेकजण ऑनलाइन मागवतात, नाहीतर अमेरिकेतल्या भाच्याला येताना आणायला सांगतात. एकदा घरी आलेली डिस्क परत जात नाही, म्हणून निवड मागवण्याआधीच पक्की व्हायला हवी.

खालचं सगळं उजव्या हाताने बॅकहँड (हात अंगासमोरून आडवा ओढत) टाकणारा खेळाडू धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी, आणि उजव्या हाताने फोरहँड (हात अंगाच्या बाजूने पुढे आणत) टाकणाऱ्यांनीही, डावं-उजवं उलटं वाचावं. टप्पे मात्र याच क्रमाने घ्या. पहिले दोन सोडून थेट खरेदीच्या टप्प्यावर उडी मारली तर पुढचं काहीच नीट लागू पडणार नाही.

## तयारी: जागा, वेळ आणि सामान

किमान शंभर मीटर मोकळी, सपाट जागा लागेल. इंदूरमध्ये दशहरा मैदान किंवा चिमणबाग मैदान यासाठी बरं पडतं, पण क्रिकेटवाले यायच्या आत, उजाडताच पोचायला हवं. रविवार टाळा. पहाटे वारा पडलेला असतो आणि आपल्याला तोच हवा आहे. माळव्यात दिवस चढला की वारा सुटतो, आणि वाऱ्यात घेतलेलं माप खोटं येतं.

सोबत एक जुनी चादर, वही-पेन, जाड मार्कर आणि ओला-कोरडा असे दोन पंचे घ्या. घरून निघण्याआधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येक डिस्कचं वजन करून वहीत लिहून ठेवा.

सावधान: ड्रायव्हरची कड टणक असते आणि ती डोक्याला, डोळ्याला लागली तर गंभीर इजा होते. सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असलेल्या बागेत चाचणीच्या फेका टाकू नका. मैदानातही पुढे माणूस दिसला तर तो जाईपर्यंत थांबा. "लागणार नाही" असा अंदाज बांधून टाकू नका.

## टप्पा १: बॅग पूर्ण रिकामी करा

आधीपासून डिस्क असतील तर सगळ्या बाहेर काढा. एकही "ही तर राहणारच" म्हणून आत ठेवू नका.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर एकेक डिस्क नेहमीसारखी, कड खाली करून ठेवा आणि समोरासमोरच्या कडांवर दोन बोटं टेकवून आलटून पालटून दाबा. डिस्क डुलली की समजा, कड वाकली आहे. आपल्याकडे हे प्रामुख्याने मे महिन्यात होतं, बॅग गाडीच्या डिकीत राहिली म्हणून. वाकलेली डिस्क कोमट पाण्यात काही मिनिटं बुडवा, हाताने सरळ करा आणि सपाट जागी थंड होऊ द्या. बऱ्याचशा सुधारतात. जी सुधारत नाही ती सरावाला ठेवा, बॅगेत नको.

मग डोळे मिटून अंगठा कडेवरून पूर्ण गोल फिरवा. साच्याच्या जोडाची बारीक उंच रेघ अंगठ्याला लागते, दगडावर आपटून निघालेले टोचरे कंगोरेही लागतात. तेवढेच बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. इतकं नियमात बसतं. डिस्कचा आकार बदलेल इतकं घासणं बसत नाही. भेग गेलेली किंवा भोक पडलेली डिस्क पीडीजीए या डिस्क गोल्फ संघटनेच्या नियमांनुसार स्पर्धेत चालत नाही, ती बाजूला काढा.

मागच्या बाजूला फोन नंबर लिहा. एकाच जातीच्या, एकाच रंगाच्या दोन डिस्क असतील तर दोघींवर वेगळी खूण करा. स्पर्धेच्या नियमांना प्रत्येक डिस्क वेगळी ओळखू येणं लागतंच, आणि पावसाळी गवतात शोधतानाही खूण कामाला येते.

तपासून बघा: चादरीवर अल्टिमेट (फ्रिस्बी झेलत खेळायचा सांघिक खेळ) खेळायची १७५ ग्रॅमची रुंद फ्रिस्बी आली आहे का? अल्टिमेटमधून या खेळात येणारे ती हमखास आणतात. साधारण २७ सेंटीमीटर व्यासाची ती डिस्क झेलायला बनवलेली आहे. गोल्फच्या डिस्क २१-२२ सेंटीमीटरच्या, जड कडेच्या असतात आणि वारा कापत जातात. फ्रिस्बी वॉर्मअपला ठेवा.

## टप्पा २: आपल्या हाताचं माप घ्या

हा टप्पा लोक सर्वांत जास्त टाळतात. पुढची सगळी निवड मात्र यावरच उभी आहे.

स्पीड ५ ची (डिस्कवर छापलेला पहिला आकडा ५ असलेली) मिडरेंज घ्या. नसेल तर पटर चालेल. पळत न येता, दोन-तीन पावलांच्या चालीने, सपाट दहा फेका टाका. सर्वांत लांब गेलेल्या दोन विसरून जा आणि अगदीच फसलेल्या दोनही सोडा. उरलेल्या सहांचा घोळका जिथे पडला आहे तिथपर्यंत पावलं मोजत जा. मध्यम उंचीच्या माणसाचं सहज पाऊल पाऊण मीटरच्या आसपास असतं, म्हणजे ऐंशी पावलं झाली की साठ मीटर.

माझा हिशेब असा. मिडरेंज ४५ मीटरच्या आत पडत असेल तर सध्या पटर आणि मिडरेंज, बस. ४५ ते ६५ असेल तर स्पीड ७ पर्यंतच्या डिस्क घ्या. ६५ ते ८० असेल तर स्पीड ९ पर्यंत. मिडरेंजच सरळ ८० मीटरच्या पुढे जाऊ लागली की मग स्पीड ११-१२ चा विचार करा.

कारण साधं आहे. डिस्कवरचा स्पीडचा आकडा तिच्यात भरलेला वेग सांगत नाही. तिला नीट उडायला हातातून किती वेगाने सुटावं लागतं, ते तो सांगतो. तेवढा वेग मिळाला नाही तर डिस्क मधला सरळ किंवा उजवीकडे झुकणारा प्रवास करतच नाही, थेट शेवटच्या डाव्या वळणावर येते. म्हणून साठ मीटर टाकणाऱ्या हातात स्पीड १२ ची डिस्क स्पीड ७ च्या डिस्कपेक्षा कमी लांब जाते. मैदानावर पोरं विचारतात, "दादा, बारा स्पीडची घेतली तर लांब जाईल ना?" त्यांना मी एवढंच म्हणतो, "आधी पाचची सरळ टाकून दाखव, मग बाराची माझी घेऊन टाक."

तपासून बघा: दहापैकी किती फेका डावीकडे वळून पडल्या? सहा-सातपेक्षा जास्त असतील आणि डिस्क सरळ जाणारी असेल, तर नाक, म्हणजे डिस्कची पुढची कड, वर जातंय किंवा मनगटाचा झटका कमी पडतोय. त्याला नवीन डिस्क हा इलाज नाही. आधी फेक सुधारा, माप पुन्हा घ्या.

## टप्पा ३: चार आकडे वाचायला शिका

बऱ्याच डिस्कांवर चार आकडे छापलेले असतात आणि ते याच क्रमाने येतात: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. स्पीड वर सांगितला. ग्लाइड म्हणजे डिस्क हवेत किती तरंगून राहते. टर्न म्हणजे वेगात असताना ती उजवीकडे किती झुकते. उणे जितकं जास्त तितकी ती उजवीकडे जाते. फेड म्हणजे वेग संपताना ती डावीकडे किती वळते.

टर्न जास्त आणि फेड कमी ती अंडरस्टेबल. टर्न शून्याजवळ आणि फेड जास्त ती ओव्हरस्टेबल. निवडताना आधी शेवटचे दोन आकडे बघा, मग पहिले दोन. लोक नेमकं उलटं करतात.

हे आकडे कंपनी आपापल्या अंदाजाने देते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या सारख्या आकड्यांच्या डिस्क सारख्या उडतीलच असं नाही. प्लास्टिकनेही फरक पडतो. स्वस्त, साध्या प्लास्टिकची डिस्क हातात छान बसते, पण झाडं-दगड खाऊन लवकर झिजते आणि झिजली की उजवीकडे झुकू लागते. महाग, टिकाऊ प्लास्टिक बराच काळ मूळ स्वभाव धरून राहतं, पण ओल्या हातातून निसटतं. हलकी डिस्क कमी ताकदीत उडते आणि वाऱ्यात भरकटते.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, बडोदा जवळजवळ सखल भागात. हवा विरळ असली की डिस्क थोडी जास्त ओव्हरस्टेबल वागते, म्हणून बडोद्याहून आलेल्या पाहुण्याला आपली नेहमीची डिस्क इथे किंचित लवकर डावीकडे पडल्यासारखी वाटू शकते. हा फरक लहान आहे. त्यासाठी वेगळी खरेदी करू नका, वारा त्याच्या कितीतरी पट फरक पाडतो.

## टप्पा ४: पटर, एकाच जातीचे दोन

इथून भरायला सुरुवात करा. प्रत्येक होल, म्हणजे खेळाचा एकेक टप्पा, बास्केटपाशी संपतं, त्यामुळे सर्वांत जास्त वेळा हातात येणारी डिस्क हीच. तरी लोक पटर शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात.

एकाच कंपनीचे, एकाच जातीचे, एकाच प्लास्टिकचे आणि दोन ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचे दोन पटर घ्या. इनोव्हाची एव्हिएर (२, ३, ०, १) किंवा तिच्यासारखी सरळ जाऊन अलगद बसणारी कोणतीही चालेल. साधं प्लास्टिक घ्या. साखळ्यांवर आपटल्यावर ते कमी उसळतं, आणि बोटांना पकड मिळते. वजन १७० ते १७५ ग्रॅम. एक पटर फक्त बास्केटवर टाकायला आणि दुसरा ३०-४० मीटरच्या छोट्या फेकींना ठेवा. दुसरा झाडांवर आपटून झिजतो, पहिला तसाच राहतो, आणि हाताला मात्र दोघींची कड एकसारखी लागते.

निवडताना एकच परीक्षा घ्या: बोटं तळाशी दुमडून पकडा आणि दहा मीटरवरून वीस पट (बास्केटवरच्या जवळच्या फेका) टाका. दहा मीटर एवढ्यासाठी की नियमांत पटिंगचं वर्तुळ तेवढंच धरतात. त्याच्या आत फेकल्यावर, तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. कडेला खाली बारीक उंचवटा असलेला पटर काहींना आवडतो, काहींच्या बोटाला खुपतो. मित्राचा घेऊन बघा आणि मगच ठरवा. एकदा ठरला की वर्षभर बदलू नका. चार पट हुकले म्हणून पटर बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

घरी बास्केट नसेल तर मैदानातला विजेचा खांब किंवा कडुलिंबाचं खोड चालेल. छातीच्या उंचीवर खडूने पट्टा ओढा.

## टप्पा ५: सरळ मिडरेंज

डिसक्राफ्टची बझ (५, ४, −१, १) हा माझ्या मते पहिल्या मिडरेंजसाठी सर्वांत सुरक्षित पर्याय. जशी सोडाल तशी जाते. डावीकडे कलवून सोडली तर डावीकडे, उजवीकडे कलवून सोडली तर बराच वेळ उजवीकडे. म्हणजे चूक डिस्कची की हाताची, ते लगेच कळतं.

दोन-तीन महिने दुसरी मिडरेंज घेऊ नका. घ्यायची वेळ आली की वेगळी जात शोधण्याऐवजी हीच पुन्हा घ्या. जुनी झिजून उजवीकडे झुकू लागलेली असते आणि नवी सरळ असते. एकच पकड, एकच अंदाज, दोन वेगळ्या वाटा. साध्या प्लास्टिकच्या डिस्कांत हे फार छान जमतं. नवी, अर्धी झिजलेली आणि पूर्ण झिजलेली अशा तीन पायऱ्या बॅगेत तयार होतात.

तपासून बघा: फक्त पटर आणि ही एक मिडरेंज घेऊन आपल्या मैदानावरचा पूर्ण फेरा खेळा. प्रत्येक होलवर "इथे अडलो" वाटलं की वहीत कारण लिहा: लांबी कमी पडली, वाऱ्याने उचलली, झाडामागून डावीकडे वळवायची होती. पुढची खरेदी या यादीवरून करायची.

## टप्पा ६: फेअरवे ड्रायव्हर

यादीत "लांबी कमी पडली" तीन-चार वेळा आलं असेल तर हा टप्पा तुमचा. फेअरवे ड्रायव्हर म्हणजे मिडरेंजपेक्षा लांब जाणारी, पण मोठ्या ड्रायव्हरपेक्षा कमी वेग मागणारी डिस्क. हातात कमी वेग असणाऱ्यांनी लेपर्ड (६, ५, −२, १) घ्यावी. ती उजवीकडे थोडी झुकून पुन्हा सरळ होते आणि लांब तरंगते. हात ६५ मीटरच्या पुढे गेला असेल तर टीबर्ड (७, ५, ०, २) घ्या. ती सरळ जाऊन शेवटी भरवशाने डावीकडे येते. दोन्ही घ्यायच्या असतील तर लेपर्ड आधी. वजन १६५ ते १७० ग्रॅम पुरेसं. मुलांना आणि मनगट नाजूक असलेल्यांना १५० ग्रॅमच्या आसपासची द्या.

## टप्पा ७: वाऱ्यासाठी एक हट्टी डिस्क

इंदूरकरांनी हा टप्पा गाळू नये. देवासकडे टेकड्यांवर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. जूनपासून मोकळ्या मैदानावर वारा दिवसभर अंगावर येतो.

समोरून वारा आला की डिस्कवरून हवा जास्त वेगाने जाते. तिला वाटतं आपल्याला जोरात फेकलंय, आणि ती उजवीकडे उलटते. सरळ बझही अशा वाऱ्यात उजवीकडच्या झुडपात जाते. मागून वारा आला की नेमकं उलटं होतं: डिस्कवरून जाणारी हवा मंदावते, ग्लाइड मरतो, ती लवकर डावीकडे बसते. म्हणून समोरच्या वाऱ्याला ओव्हरस्टेबल डिस्क आणि मागच्या वाऱ्याला अंडरस्टेबल. ही जोडी उलटी लावणं ही मैदानावर मला सर्वाधिक दिसणारी चूक आहे. "वारा मागून आहे, जड ओव्हरस्टेबल काढ" असं अनुभवी लोकही सांगतात. ऐकू नका.

आधी जवळच्या अंतराची घ्या. झोन (४, ३, ०, ३) समोरच्या वाऱ्यात सरळ जाते, डावीकडे बसते आणि घसरत नाही. फोरहँड टाकणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. लांबची हवी असेल आणि हातात जोर असेल तर फायरबर्ड (९, ३, ०, ४). दोन्ही टिकाऊ प्लास्टिकमध्येच घ्या, कारण झिजली की त्यांचं कामच संपतं. वजन पूर्ण, म्हणजे त्या जातीत मिळतं तितकं जास्त.

सावधान: ओव्हरस्टेबल डिस्क एकच, फार तर दोन. कमी वेगाच्या हातात सगळ्याच डिस्क डावीकडे पडतात, त्यात आणखी डावीकडे पडणाऱ्या भरल्या तर उजवीकडची वाटच उरत नाही.

## टप्पा ८: उजवीकडे नेणारी डिस्क

ही विकत घ्यायच्या आधी चादरीकडे बघा. झिजलेली बझ किंवा जुनी लेपर्ड बहुतेक वेळा हे काम करते. करत असेल तर तीच ठेवा आणि पैसे वाचवा.

## टप्पा ९: मोठा ड्रायव्हर

मिडरेंज ८० मीटर जात असेल आणि मैदानावर शंभर मीटरच्या वरचं होल असेल, तरच. डिस्ट्रॉयर (१२, ५, −१, ३) सारखी डिस्क दोन्ही अटी पूर्ण होईपर्यंत मागवू नका.

## टप्पा १०: ऋतूप्रमाणे अदलाबदल

पावसाळ्यात आपली काळी माती कडेच्या आतल्या बाजूला गच्च बसते. दहा-बारा ग्रॅम चिखल एका बाजूला चिकटला की डिस्क हवेत थरथरते. प्रत्येक फेकीनंतर आधी ओल्या पंचाने आतली खोबण पुसा, मग कोरड्याने. क्रम उलटा केला तर चिखल नुसता पसरतो. टिकाऊ, गुळगुळीत प्लास्टिकच्या डिस्क या दिवसांत एकदोनच ठेवा, बाकी साध्या प्लास्टिकच्या. तिसरा पंचा प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवा, फक्त हातांसाठी.

रंगही ऋतूप्रमाणे बदला. ऑगस्टमध्ये गुडघाभर गवतात हिरवी डिस्क म्हणजे गेलीच. गुलाबी आणि नारिंगी तेव्हा दिसतात. एप्रिल-मे मध्ये गवत वाळून पिवळं पडलं की पिवळी आणि नारिंगी हरवतात, निळी आणि गुलाबी दिसतात. दोन्ही ऋतूंत चालणारा रंग एकच: भडक गुलाबी. महाग डिस्क त्याच रंगात मागवा.

थंडीच्या पहाटे प्लास्टिक कडक होतं, पकड सुटते. तासभर आधी बॅग घराबाहेर ठेवू नका, घरातूनच घेऊन निघा.

## टप्पा ११: कामं वाटून द्या, मग काढून टाका

आता प्रत्येक डिस्कपुढे वहीत एक वाक्य लिहा: ही मी कधी काढतो? "साठ मीटर, वारा नाही, सरळ." "समोरून वारा, चाळीस मीटर." दोन डिस्कांपुढे एकच वाक्य आलं आणि त्या जाणूनबुजून घेतलेल्या जुळ्या पटर नसतील, तर एक घरी. एखादीपुढे वाक्यच सुचलं नाही तर तीही घरी.

उरलेली बॅग घेऊन चार-पाच फेरे खेळा आणि कुठली डिस्क किती वेळा काढली त्याच्या रेघा मारा. वाऱ्याच्या डिस्कला रेघा कमी असणं साहजिक आहे, तिला पावसाळा येईपर्यंत सवलत द्या. बाकी ज्या डिस्कला सगळे फेरे मिळून एकही रेघ नाही ती बाहेर. सुरुवातीच्या खेळाडूकडे या गाळणीनंतर सहा-सात डिस्क उरतात आणि तेवढ्या खूप झाल्या.

बाहेर काढलेल्या डिस्क घरात, सावलीत, आडव्या ठेवा. कपाटाच्या तळाशी चळत लावली तर वर काही जड ठेवू नका. सहा महिन्यांनी हाताचं माप पुन्हा घ्या. मिडरेंज दहा मीटर पुढे गेली असेल तर आज नकोशी वाटलेली टीबर्ड तेव्हा बॅगेत येईल, आणि त्यासाठी नवीन काही मागवावं लागणार नाही.